जॅमसोबत बाटली भेट

माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की मागच्या रांगेत कोणीतरी गिळलेला केकचा घास मला ऐकू आला.

मी तिकीट घेतलं होतं ते हॅमसाठी. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर आमच्या क्रेगडफी गावात काय काय बोललं गेलं ते मला पक्कं ठाऊक आहे. चर्चचं छप्पर गळत होतं, पाद्रीसाहेबांनी त्यासाठी सोडत काढली होती, आणि बक्षिसांच्या टेबलावर एक अख्खा हॅम, एक लोकरीचं कांबळं आणि किटलीवर घालायची एक विणलेली टोपी मांडलेली मी स्वतः पाहिली होती. बाटली तेव्हा तिथे नव्हती. ती ऐन वेळी कोणा दानशूराने आणून ठेवली.

"पहिलं बक्षीस," पाद्रीसाहेब चिठ्ठी उलगडत म्हणाले, "टोर्नीच्या बंद पडलेल्या कारखान्याची, शेवटच्या वर्षाची, दुर्मीळ व्हिस्की. आणि ती मिळते आहे मिसेस इसोबेल गेडीज यांना." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली. चिठ्ठीवर तेच नाव होतं.

मी आमच्या गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष आहे.

स्पे नदीच्या या खोऱ्यात जी चिमणी दिसेल ती व्हिस्कीची. इथली हवा श्वासात घेतली तरी माणूस थोडा झिंगतो, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्या सगळ्या चिमण्यांच्या मधोमध माझ्या आईने हे मंडळ काढलं आणि तिच्यामागे ते मी चालवते. मी शाळा फार शिकले नाही, हातात पाटी होती तेव्हाच बटाटे काढायला लागले, पण आईने स्वतःच्या हाताने लिहिलेली शपथ मला तोंडपाठ आहे. ती आमच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेली आहे, आईच्या फोटोशेजारी. 'मी दारू पिणार नाही, पाजणार नाही, माझ्या छपराखाली दारूचा थेंब ठेवणार नाही. औषध म्हणून घ्यावी लागल्यास गोष्ट वेगळी.' शेवटचं वाक्य आम्ही सगळ्याजणी जरा भरभर म्हणतो. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला माझ्या घरी मंडळाचा चहा असतो, आणि चहाआधी एकेकीने बायबलवर हात ठेवून ही शपथ म्हणायची असते. आणि यंदाचा चहा आला होता अगदी तोंडावर.

मी आयुष्यात खोटं बोललेली नाही. कडू बोललेय, ती गोष्ट वेगळी. आता बायबलवर हात ठेवून 'माझ्या छपराखाली थेंब नाही' म्हणायचं आणि कपाटात ती बाटली उभी, हे मला जमणार नव्हतं. बाटली जायला हवी होती, आणि चहाच्या आधी जायला हवी होती.

परत द्यायला मी त्याच संध्याकाळी पाद्रीसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "इसोबेल, देवाच्या घरातून दिलेलं परत घ्यायची रीत नाही." हॅमशी अदलाबदल करावी, तर हॅम मिळाला होता आमच्या मंडळाच्या खजिनदार बीटीबाईंना. ओतून टाकावी, तर चांगली वस्तू मोरीत घालायची आमच्या घराण्याला सवय नाही, आणि मोरीही माझ्याच छपराखाली येते. कोणाला भेट द्यावी, तर ते 'पाजणं' झालं. राहिलं विकणं. शपथेत विकण्याबद्दल अक्षर नाही. आईला ते सुचलंच नसणार. विकून आलेला पैसा पुन्हा चर्चच्या छपरालाच द्यायचा, असं मी ठरवलं आणि मला बरं वाटलं. माणसाला बरं वाटलं की समजावं, आता काहीतरी होणार.

"त्यात काय अवघड आहे," शेजारची विल्मा मॅकहार्डी म्हणाली. विल्मा कुठलंही काम अवघड नाही असं म्हणते, कारण ते तिला करायचं नसतं. "लिलावात दे. आजकाल कॉम्प्युटरवर बाटल्यांचे लिलाव होतात. लोक वेडे होतात टोर्नीसाठी."

"लिलाव नाही," मी म्हटलं.

"अगं पण—"

"विल्मा, लिलाव नाही."

आमच्या वडिलांचं शेत सुटलं तेव्हा अंगणात लिलाव झाला होता. अख्खं खोरं जमलं होतं, सँडविच खात. लिलाववाल्याने नांगर विकला, गाई विकल्या, आणि मग माझ्या आईच्या खाटेखालचं, रात्रीच्या अडचणीचं पॉट उंच धरून विचारलं, "यात रस कोणाला?" लोक अजून हसतात. पॉट घेतलं बीटीबाईंच्या सासूने, आणि पुढे बरीच वर्षं त्यात जिरॅनियम लावून ते रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरातून लिलावाला सुईसुद्धा गेलेली नाही.

"मग एल्गिनला दुकानात दे," विल्मा म्हणाली. "तिथे एकजण जुन्या बाटल्या घेतो."

मी बाटली विणकामाच्या पिशवीत घातली, वर लोकरीचे गुंडे रचले आणि बसमध्ये चढले. बसमध्ये पुढच्याच बाकावर बीटीबाई. त्यांनी शेजारची जागा थोपटली. आता अध्यक्षाने खजिनदाराशेजारी बसू नये तर कोणी बसावं? मी बसले. वळणावर पिशवी कलंडली, आणि आतून असा आवाज आला, जो लोकरीचा कधीच येत नाही.

"काय विणते आहेस?" बीटीबाईंनी विचारलं.

"मोजा," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. एक मोजा मी खरंच विणत होते. तो पिशवीत होता आणि बाटलीच्या गळ्यात होता.

"केवढा लांब पाय आहे कोणाचा," बीटीबाई पिशवीकडे बघत म्हणाल्या, आणि एल्गिनपर्यंत दुसरं काही बोलल्या नाहीत. बीटीबाई गप्प बसतात तेव्हा त्या गप्प बसत नाहीत, साठवत असतात.

दुकानदार गुळगुळीत हनुवटीचा होता. त्याने बाटली उजेडात धरली, हळूच निजवली, पुन्हा उभी केली. नव्या सुनेला पाहायला आलेले लोक असेच करतात. "अप्रतिम," तो म्हणाला. "फक्त ही कुठून आली ते लिहून द्यावं लागेल. आणि गेडीजबाई, बाटली हातात धरून तुमचा एक फोटो. आम्ही तो शेजारी लावतो. गिऱ्हाइकाला माणूस दिसला की भरवसा वाटतो."

"कुठे लावता?"

"खिडकीत. रस्त्यावरून दिसेल असा."

मला आईचं पॉट आठवलं. मी बाटली उचलली, मोज्यात घातली आणि पुढच्या बसने घरी आले.

मग मी सरळ मार्ग धरला. माझी समजूत अशी की सरळ माणसाने सरळ सरकारात जावं. मी कौन्सिलच्या ऑफिसात गेले. तिथे काचेमागे एक मुलगी बसली होती, नाकात मोती, बोलायला गोड. मी म्हटलं, "मला एक बाटली विकायची आहे. नियमाप्रमाणे काय करावं लागतं ते सांग."

"परवाना आहे तुमच्याकडे?"

"कुत्र्याचा होता. कुत्रा गेला."

"दारू विकण्याचा, गेडीजबाई."

तिथे मला कळलं की या देशात स्वतःच्या घरातली स्वतःची बाटली माणसाला अशी सहज विकता येत नाही. परवाना नसला तर तो गुन्हा. मी. गुन्हा. मला खुर्ची द्यावी लागली. मुलगी चांगल्या घरातली होती, तिने पाणी आणलं आणि समजावून सांगितलं की परवाना मिळू शकतो. आधी एक वर्ग करायचा. पेगाचं माप, कोणाला विकायचं, कोणाला नाही, हे सगळं शिकायचं आणि परीक्षा द्यायची. मग अर्ज. आणि अर्ज केला की घराच्या फाटकावर नोटीस लावायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी.

"नोटिशीत काय लिहिलेलं असतं?"

"हेच की या घरात दारूविक्री सुरू करायचा मालकांचा विचार आहे. कोणाची हरकत असेल तर कळवावं."

"पहिली हरकत माझीच," मी म्हटलं.

"तुम्हाला स्वतःच्या अर्जाला हरकत घेता येणार नाही बहुतेक," ती म्हणाली, आणि आत विचारून येते म्हणून उठली. ती परत यायच्या आत मी बाहेर पडले होते.

तुम्ही म्हणाल, एवढा धक्का कशाला घ्यायचा. माझ्या फाटकावर आईने लावलेली पितळी पाटी आहे, त्यावर मंडळाचं नाव आहे. तिच्याखाली ती नोटीस लागली असती. डोळ्यांसमोर आणा.

विल्मा मात्र आनंदली. तिला अडचण आली की फार आवडतं. "सोपं आहे," ती म्हणाली. "तू बाटली विकूच नकोस. जॅम विक."

"काय?"

"जॅमला परवाना लागत नाही. तुझा रूबार्बचा जॅम, एक बरणी. किंमत बाटलीची. आणि जो जॅम घेईल त्याला बाटली भेट."

मी खूप वेळ विचार केला. भेट देणं म्हणजे पाजणं, हे मी आधीच ठरवलं होतं. पण जॅमचा पैसा घेऊन दिलेली भेट ही भेट नव्हे. आणि तो विकण्याचा पैसा म्हणावा, तर तो जॅमचा. म्हणजे सरकारच्या दृष्टीने ती भेट आणि देवाच्या दृष्टीने तो व्यापार. कायद्याच्या शाळेत घातलं असतं तर मी कुठे गेले असते, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

विल्माने कॉम्प्युटरवर जाहिरात दिली. 'क्रेगडफीचा घरगुती रूबार्ब जॅम. एकच बरणी. किंमत फोनवर. सोबत टोर्नीची भेट.'

पहिला फोन आला तो जॅमसाठी. दुसराही जॅमसाठी. एका बाईने किंमत ऐकून विचारलं, "त्यात सोनं घालता का?" एकाला रूबार्बचं चालत नव्हतं, काळ्या मनुकांचा असेल तर घेतो म्हणाला. इंव्हर्नेसचं एक जोडपं गाडी घेऊन थेट दारात आलं, जॅम चाखला, वाखाणला, नेहमीच्या भावाने तीन बरण्या मागितल्या, आणि मी भेटीचं बोलले तेव्हा नवरा म्हणाला, "भेट राहू द्या, आम्ही पीत नाही." एवढी सज्जन माणसं मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी त्यांना मंडळाचं पत्रक दिलं. बाटली कपाटातच.

शेवटी एक फोन आला, इंग्लंडच्या दक्षिणेकडचा, अगदी हळू आवाजातला. मिस्टर लॅथबरी, दातांचे डॉक्टर. त्यांना जॅमची चव विचारायची नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "भेटीला उजेड लागलेला नाही ना? बूच मूळचंच आहे ना? कोणी हात लावलेला नाही?"

"या घरात तिला हात लावेल असं कोणी नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले, किंमत मान्य, मी स्वतः येतो. आणि आले ते कधी, तर नेमके चहाच्या दिवशी. सकाळीच येणार होते. वाटेत मेंढरांचा कळप रस्त्यावर बसला होता म्हणून उशीर झाला. इकडे मी टेबलावर चादर घातलेली, चहासोबतचे स्कोन भाजून ठेवलेले, बायबल झटकून मांडलेलं, आणि बाटली अजून घरात.

विल्मा नवऱ्याला घेऊन आली होती. सौद्याला जाणता माणूस असावा म्हणे. तिचा डॉड जन्मभर टोर्नीत पिंपं बांधत होता. कारखाना बंद पडला तेव्हा रडला होता, आणि तोही विल्मासमोर. तो शेकोटीपाशी बसून बाटलीकडे असा बघत होता, जसं शाळेतल्या मैत्रिणीचं लग्नाचं छायाचित्र बघावं. डॉक्टरांची वाट बघता बघता तो जुन्या गोष्टी काढायला लागला.

"आम्हाला कारखान्यात रोज हक्काचा घोट मिळायचा, इसोबेल. पण घरी न्यायला बंदी. मग काय करायचो, तांब्याची नळी. एका बाजूने बंद, दुसरीला बूच. भरायची आणि विजारीत सोडायची, मांडीला लागून. आम्ही तिला कुत्रा म्हणायचो, मालकाच्या मागे मुकाट घरी येतो म्हणून. फाटकावर पहारेकऱ्याला कळायचं सगळं. शनिवारी अर्धा कारखाना लंगडत बाहेर पडायचा."

"चोर सगळे," मी म्हटलं.

"चोर म्हण. पण खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्या कुत्र्यांवर जगल्या."

"माझा वॉटीमामा टोर्नीत होता. तो त्यातला नव्हता."

डॉडने शेकोटीत काठी खुपसली. "नव्हता ना," तो म्हणाला. विल्माला एकदम खोकला आला.

वॉटीमामा माझ्या आईचा भाऊ. देवमाणूस. बिचाऱ्याचा पाय अधू होता. शनिवारी संध्याकाळी कामावरून सुटला की लंगडत लंगडत आमच्याकडे यायचा. आई त्याला आतल्या खोलीत न्यायची, दोघं प्रार्थना करायची, आणि मामा बाहेर यायचा तो अगदी सरळ चालत. हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आई म्हणायची, बघ, प्रार्थनेत किती ताकद असते. मी आजवर मंडळात दर नव्या सभासद बाईला ही गोष्ट सांगत आले आहे.

हाच मामा आईला डोंगरावरून एक मुळी आणून द्यायचा. आईच्या छातीच्या औषधाबद्दल या गावात कोणालाही विचारा. थाइम, मध आणि ती मुळी. निळ्या बरणीतून मोठा चमचाभर. हिवाळ्यात अर्धं गाव आमच्या दारात खोकत उभं असायचं, आणि लहान मोठं प्रत्येकजण गाल लाल करून, गात परत जायचं. मामा गेला आणि ती मुळी उगवायची बंद झाली. मी सगळं करून पाहिलं. आलं घातलं, ज्येष्ठमध घातलं, एकदा मोहरी घातली. नुसता गोड काढा व्हायचा. बीटीबाई दर हिवाळ्यात माझ्याकडचा एक चमचा घेतात, ओठ चाटतात आणि म्हणतात, "चांगलं आहे. आईचं नाही." बाकी सगळं मी आईचं चालवलं. ते एक औषध मला जमलं नाही, आणि गावाने ते मला विसरू दिलं नाही.

असो. डॉक्टर आले. उंच, फिकट, बोटं पांढरीशुभ्र. बाटलीसमोर ते चर्चमध्ये बसावं तसे बसले. त्यांनी भिंग काढलं, बूच पाहिलं, लाखेचा शिक्का पाहिला, उजेडात पातळी पाहिली. मग म्हणाले, "गेडीजबाई, मी तुमचा जॅम घेतो." मी म्हटलं, "आनंदाने." त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला. रस्त्यावर कोणाच्या तरी बुटांचा आवाज येत होता, बायका येण्याची वेळ झाली होती, आणि मला वाटलं, सुटले.

डॉड उठला. "झाला सौदा," तो म्हणाला. "आता घोट."

आता इथे डॉडची बाजूही सांगायला हवी. आमच्याकडे सौदा हात मिळवून होत नाही, घोट घेऊन होतो. गाय असो, घर असो, मुलीचं लग्न असो. कोरड्या तोंडाने ठरलेलं टिकत नाही असं इथला माणूस मानतो. डॉडच्या बापाने एकदा कोरड्या तोंडाने गाय घेतली, ती आठवड्यात आटली, हे डॉड अजून सांगतो. त्याने जन्मभर असंच केलं आहे. सौदा ठरला की त्याचा हात आपोआप जवळच्या बाटलीकडे जातो. आणि माझ्या घरात जवळची बाटली एकच होती.

बूच निघालं तेव्हा बारीकसा आवाज झाला. पीत नसलेल्या माणसालाही तो आवाज ओळखू येतो.

डॉक्टरांच्या तोंडून जो सूर आला तो त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. विल्मा "डॉड" म्हणाली, पण हलकेच. आणि डॉडने, कारण उघडलेली बाटली पुन्हा बंद करायची नसते हेही इथे मानतात, बूच शेकोटीत टाकलं.

"बूच," डॉक्टर म्हणाले. "ते बूच."

"ते आता काय कामाचं," डॉड समजावणीच्या सुरात म्हणाला, आणि मग हातातल्या बाटलीकडे त्याची नजर गेली. त्याचा चेहरा उतरला. मी इतक्या वर्षांत त्याला दोनदाच असं पाहिलं, कारखाना बंद पडला तेव्हा आणि आत्ता. "इसोबेल," तो म्हणाला, "मी ही उघडली का?"

मला बोलायचं पुष्कळ होतं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, डॉडच्या आजोबांपासून. पण तोपर्यंत वास माझ्यापर्यंत पोचला होता.

मध. धूर. ओल्या लोकरीच्या कोटाचा वास, आणि मागे कुठेतरी खूप जुनं लाकूड. मी पाच वर्षांची होते, फ्लॅनेलचा झगा घालून खाटेवर बसले होते, आणि आई मोठा चमचा पुढे करून म्हणत होती, "तोंड उघड, इसोबेल. कडू आहे, पण गुणाचं आहे."

मी उठले. कपाटातून आईचा मोठा चमचा काढला. डॉडच्या हातून बाटली घेतली आणि एक चमचा भरला. कोणी मला अडवलं नाही. मी जी काही दिसत असेन त्यावरून अडवायची छाती झाली नसावी. मी आईच्या फोटोकडे पाहिलं आणि चमचा तोंडात घातला.

थाइम होतंच कुठे त्या औषधात. नुसता देखावा होता थाइमचा.

छातीतून तोच ऊबदार गोळा खाली उतरला. गाल तसेच तापले. मी खुर्चीत बसले आणि वॉटीमामा माझ्या डोळ्यांसमोर लंगडत आला, आतल्या खोलीत गेला, आणि सरळ चालत बाहेर पडला. मी त्याला आजवर किती बायकांना दाखवलं होतं. प्रार्थनेचा पुरावा म्हणून.

"डॉड," मी विचारलं, "कुत्र्यात किती मावायचं?"

डॉडने हातांनी माप दाखवलं. ते बरोबर निळ्या बरणीएवढं होतं.

आई फोटोतून सरळ समोर बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. मी नेहमी म्हणायचे, काय करारी चेहरा आहे. शेजारी शपथ. तिचं ते शेवटचं वाक्य, जे आम्ही भरभर म्हणतो, ते आईने सगळ्यांत ठळक अक्षरांत लिहिलंय हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. मला राग येत होता, आणि राग नक्की कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं, एवढ्यात फाटक वाजलं.

विल्मा खिडकीतून म्हणाली, "सगळ्याच आल्या आहेत. बीटीबाई पुढे."

मी फार शिकलेली नाही, पण चार मुलं वाढवली आहेत. दारात पाहुणे आणि घरात गोंधळ ही माझी रोजची पोळी. निळी बरणी फळीवरून काढली. माझा काढा मोरीत ओतला, तो तिथेच शोभत होता. बाटली बरणीत रिकामी केली, झाकण लावलं. जॅमची बरणी आणि मोकळी बाटली डॉक्टरांच्या हातात दिली. "हा तुमचा जॅम," मी म्हटलं, "आणि ही सोबत भेट. जॅमचे तीन पौंड द्या." त्यांनी मुकाट्याने दिले. मग ते खुर्चीत बसूनच राहिले. माणसाला एवढा धक्का बसलेला असताना हुसकावणं बरं दिसलं नाही, म्हणून मी त्यांच्या पुढ्यात एक स्कोन ठेवला.

"हे कोण?" बीटीबाईंनी आत पाऊल टाकताच विचारलं.

"जॅम घ्यायला आलेत. दक्षिणेकडून."

बीटीबाईंनी डॉक्टरांच्या मांडीवरची मोकळी बाटली पाहिली, त्यांचा चेहरा पाहिला, शेकोटीशी मान खाली घालून उभा असलेला डॉड पाहिला, आणि सगळा निकाल मनातल्या मनात लावला. "बिचारी याची बायको," त्या म्हणाल्या. अख्खी बाटली डॉक्टरांनी एकट्याने संपवली असं मंडळात अजून मानतात. मी ते खोडून काढलेलं नाही. मला कोणी विचारलेलंच नाही.

शपथ सुरू झाली. माझी पाळी पहिली. सगळ्यांना सोडतीतली बाटली आठवत होती आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी बायबलवर हात ठेवला. "मी दारू पिणार नाही, पाजणार नाही, माझ्या छपराखाली दारूचा थेंब ठेवणार नाही." इथवर नेहमीसारखंच. मग मी थांबले आणि शेवटचं वाक्य सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हटलं. "औषध म्हणून घ्यावी लागल्यास, गोष्ट, वेगळी." आईने ते ज्यासाठी लिहिलं होतं त्यासाठी ते मंडळात पहिल्यांदाच म्हटलं गेलं असावं.

चहा चालू असताना बीटीबाईंना ठसका लागला. थंडी पडली की लागतो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "असेल तर दे तुझं ते. आईचं नसलं तरी घशाला बरं असतं."

मी निळी बरणी आणली. विल्माने डोळे मिटून घेतले. मी मोठा चमचा भरला आणि बीटीबाईंच्या तोंडासमोर धरला. त्यांनी तो घेतला. गिळला. त्या गप्प झाल्या, आणि या खेपेला खरोखरच गप्प झाल्या. त्यांचे गाल हळूहळू लाल झाले. डोळ्यांत पाणी आलं.

"इसोबेल," त्या म्हणाल्या, "आईचं आहे हे."

"हो," मी म्हटलं.

"मुळी सापडली तुला."

"सापडली."

मग खोलीभर खोकला सुरू झाला. हिवाळा यंदा लवकरच आलाय, असं सगळ्यांचं मत पडलं. मी रांग लावली, प्रत्येकीला एक चमचा, कोणाला जास्त नाही. डॉक्टर सगळं बघत होते. बरणी त्यांच्याजवळून गेली तेव्हा त्यांनी हळूच खोकून पाहिलं. मी त्यांनाही दिला. भला माणूस. जाताना जॅमची बरणी छातीशी धरून गेला.

आईचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून लावला होता, तीन दिवस. मग सरळ केला. करारी चेहरा आहे, यात शंका नाही.

आता गावात सगळे म्हणतात, शेवटी इसोबेलला आईचा हात आला. एकच चिंता होती, बरणी भरभर खाली जाते आणि टोर्नी तर बंद. पण डॉडची ओळख अजून आहे. तो नदीपलीकडच्या कारखान्यात पाहुण्यांना पिंपं कशी बांधतात ते दाखवायला जातो. मुळी तिकडच्या डोंगरावरही उगवते म्हणे, चवीला जरा वेगळी. तो माझं एक बाटलीएवढं देणं लागतो असं त्याला वाटतं, आणि मी त्याचा तो समज दूर केलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडे येतो. बिचाऱ्याचा गुडघा धरलाय, फाटकापासून लंगडत येतो. आम्ही आतल्या खोलीत जरा प्रार्थना करतो, आणि तो परत जातो तेव्हा अगदी सरळ चालत जातो.